कॉमेट्सच्या वादकांना नावे होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ‘बिल हॅले अँड हिज कॉमेट्स’ या १९५०च्या दशकातल्या अमेरिकन बँडवरचा लेख वाचला. काल गप्प बसलो, आज राहवत नाही म्हणून लिहितो. रॉक अँड रोलच्या पहिल्या काळावर मराठी वृत्तपत्राने पानभर जागा दिली, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण एवढ्या मोठ्या लेखात बँडमधल्या एकाही वादकाचे नाव नाही. छायाचित्रात सहा जण दिसतात आणि खाली ओळ आहे ‘बिल हॅले आणि सहकारी’. आणखी पाच नावे छापायला किती जागा लागते?

लेखकाचे म्हणणे असे की एल्व्हिस प्रेस्ली आला, तो तरुण आणि देखणा. हॅले तिशीचा, संसारी. म्हणून कॉमेट्स संपले. ही गोष्ट सांगायला सोपी, म्हणून सगळे हीच सांगतात. बँडला पहिला तडा गेला तो पैशांवरून, आणि तोही ऐन भरात असताना. लेखात त्याबद्दल चकार शब्द नाही.

‘रॉक अराउंड द क्लॉक’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे लेखकाने भरभरून कौतुक केले आहे. त्यातला गिटारचा पीस वाजवला डॅनी सेड्रोनने. रेकॉर्डिंग झाले १२ एप्रिल १९५४ ला, न्यूयॉर्कच्या पायथियन टेंपल स्टुडिओत. सेशनचा बहुतेक वेळ दुसऱ्याच गाण्याने खाल्ला, हे गाणे शेवटी दोन टेकमध्ये उरकले. सेड्रोन बँडचा कायमचा माणूसही नव्हता. १९५२ मध्ये हॅलेच्याच ‘रॉक द जॉइंट’साठी वाजवलेला पीस त्याने जवळपास तसाच इथे बसवला. त्याला मिळाले २१ डॉलर. त्याच वर्षी जूनमध्ये जिन्यावरून पडून तो गेला. तोवर हे गाणे तबकडीच्या मागच्या बाजूला पडून होते. पुढे ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ चित्रपटाच्या सुरुवातीला ते वाजले आणि जुलै १९५५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आठ आठवडे तिथेच राहिले. सेड्रोनला यातले काही पाहायला मिळाले नाही. निदान वाचकांना त्याचे नाव तरी कळू द्या.

आता तो तडा. सप्टेंबर १९५५ मध्ये, गाणे पहिल्या क्रमांकावरून नुकतेच उतरले असताना, सॅक्सोफोनचा जोई अँब्रोज, बासचा (उभ्या मोठ्या तंतुवाद्याचा) मार्शल लिटल आणि ड्रमचा डिक रिचर्ड्स असे तिघे बाहेर पडले. हॅले, पियानोवाला जॉनी ग्रांडे आणि स्टील गिटारचा बिली विल्यमसन हे भागीदार होते. बाहेर पडलेले तिघे मात्र आठवड्याच्या पगारावर. पगारवाढ मागितली, मिळाली नाही. त्यांनी ‘जोडिमार्स’ नावाचा बँड काढला, तो फार चालला नाही.

मला हे इतके का लागते? मी तरुणपणी मुंबईतल्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत असे. गणपतीत एकाच रात्री दोन सुपाऱ्या असायच्या, मधला प्रवास टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर बसून. पोस्टरवर मालकांचे नाव हातभर, गायकांची बोटभर, आमची कुठेच नाहीत. एक सीझन फार जोरात गेला, तेव्हा आम्ही वादकांनी मिळून नाइट, म्हणजे एका रात्रीचे मानधन, वाढवून मागितली. मालक म्हणाले, ‘‘तुमच्यासारखे छप्पन्न मिळतात दादरला.’’ पुढच्या कार्यक्रमाला माझ्या जागी दुसरा मुलगा उभा होता. ड्रमरही नवा. दोघे उत्तम वाजवायचे, पण बेसवाला आणि ड्रमर एकमेकांकडे न बघता एकत्र थांबतात आणि एकत्र उचलतात, त्याला वर्षे लागतात. ते पैसे देऊन दुसऱ्या दिवशी आणता येत नाही. त्या ऑर्केस्ट्राची सगळी गाणी तीच राहिली आणि मजा गेली. श्रोत्यांनाही ते कळले.

कॉमेट्सना नंतर रूडी पॉम्पिलीसारखा अव्वल सॅक्सोफोनवादक लाभला हे खरे. फेब्रुवारी १९५७ मध्ये इंग्लंडला गेले तेव्हा लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावर त्यांच्यासाठी तोबा गर्दी उसळली. पुढे कराची थकबाकी वाढली, हॅलेला मेक्सिको गाठावे लागले. सगळे खापर त्या एका पगारवाढीवर मी फोडत नाही. पण ज्यांच्या वाजवण्यावर नाव झाले त्यांना पगारी नोकर समजणारा बँड किती काळ एकदिलाने वाजणार?

लेखात १९८७ मध्ये हॅलेला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाल्याचा उल्लेख आहे. तेव्हा एकट्या हॅलेलाच घेतले होते. कॉमेट्सना तो मान २०१२ मध्ये मिळाला, तब्बल २५ वर्षांनी. हे वाक्य लेखात हवे होते.

त्याच पानावरच्या हिंदी गाण्यांच्या चौकटीतही तोच प्रकार. ‘आशा’ (१९५७) मधल्या ‘ईना मीना डीका’चे सगळे श्रेय सी. रामचंद्र यांना. अण्णा थोरच, पण त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स कुठे गेले? ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट तर ‘अलबेला’त (१९५१) आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात, तरी चौकटीत नाहीत. गोव्याच्या वादकांशिवाय मुंबईचा स्टुडिओ चालत नव्हता, हे मराठी वृत्तपत्राने तरी विसरू नये.

येत्या रविवारी छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती. सोयीसाठी नावे देतो: गिटार बिल हॅले, स्टील गिटार बिली विल्यमसन, अकॉर्डियन जॉनी ग्रांडे, सॅक्सोफोन जोई अँब्रोज, ड्रम डिक रिचर्ड्स, आणि आडव्या पाडलेल्या बासवर चढून बसला आहे तो मार्शल लिटल.

आपला,
एक जुना बेसवादक, डोंबिवली