मुकोंबेरो आणणार नाही, बाबा

काकामेगा, केनिया

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बाबांनी दोन गोष्टी विचारल्या: मी इथे वाढवलेली ती वेल घरी आणता येईल का, आणि तिचं मूळ गुडघ्यांना चालेल का. फोन मध्येच तुटत होता, मागून आई भलतंच काही विचारत होती (हो आई, जेवते मी नीट), म्हणून सावकाश लिहायला बसले. दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण नुसतं 'नाही' बाबांना आजवर कधी पटलेलं नाही, तेव्हा सगळं सांगते.

वेलीचं इथलं नाव मुकोंबेरो. पश्चिम केनियातले लुह्या लोक असं म्हणतात. पलीकडे युगांडात तीच मुलोंडो. शास्त्रीय नाव मोंडिया व्हाइटी. पश्चिम आफ्रिकेच्या जंगलांपासून इथपर्यंत आणि खाली थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत ती सापडते. पानं समोरासमोर, हृदयाच्या आकाराची, मोठी झाली की तळहातावर मावत नाहीत. खोड तोडलं की पांढरा चीक येतो. बाबा, एवढ्यावरून तुम्ही कूळ ओळखलं असेल. रुई, कण्हेर, सदाफुली या सगळ्यांचंच हे कूळ. फूल जांभळट-तपकिरी, कडेला हिरवट-पिवळं. शेंगा जोडीने येतात, आणि उकलल्या की आतून रेशमी झुपका लावलेल्या चपट्या बिया उडतात, रुईच्या उडतात तशाच.

लोकांना मात्र यातलं काहीच नको असतं, त्यांना हवं असतं मूळ. बसथांब्यावर मुळांच्या बारीक जुड्या घेऊन विकणारे उभे असतात. रात्रभर ट्रक चालवणारे, पहारेकरी, बोडाबोडावाले म्हणजे मोटारसायकलवर सवारी नेणारे, सगळे चघळतात. चव आधी कडवट लागते, मग गोडसर होते, आणि वास थेट व्हॅनिलाचा. कोणी ते चहात उकळतात. भूक लागावी, पोट जागेवर यावं, बाळंतिणीला ताकद यावी, अशा कितीतरी कारणांनी ते वापरतात. सगळ्यात मोठ्याने ओरडून ज्या कारणासाठी विकतात ते आईसमोर वाचून दाखवता येणार नाही, बाबा. तेवढं तुम्ही समजून घ्या.

त्यावरच एक गंमत सांगते. कॅमेरूनमधल्या संशोधकांनी या मुळाच्या सालीचा अर्क नर उंदरांना बरेच दिवस दिला. 2001 साली त्यांनी जे छापलं ते थांब्यावरच्या आरोळीच्या उलट होतं: उंदरांची शुक्राणूंची निर्मिती मंदावली, जननक्षमता घटली, आणि अर्क बंद केल्यावर पूर्ववत झाली. आता उंदरांवरून माणसाचा डोस ठरत नाही, तसाच माणसाचा धोकाही ठरत नाही. पण 'झाडपाल्याचं आहे, अपाय कसला?' हे तुमचं नेहमीचं वाक्य निदान या मुळाबाबत तरी म्हणू नका. तुमच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्या जोडीला कुठलंही मूळ नको, इथलंही नको आणि तिथलंही. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नाही हे आईने मला कधीच सांगितलंय.

शिवाय या कुळात औषध आणि विष एकाच घरात नांदतात. कण्हेर तुम्हाला माहीत आहेच. इकडे स्ट्रोफॅन्थस नावाची वेल आहे, तिच्या बियांचं विष बाणांना लावत. आफ्रिकेचा शोध घेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर झांबेझी नदीच्या मोहिमेवर जॉन कर्क नावाचे डॉक्टर होते. त्यांचा दात घासायचा ब्रश त्या विषाच्या नमुन्याबरोबर एकाच खिशात राहिला, आणि तो वापरल्यावर आपली नाडी मंद झाल्याचं त्यांना जाणवलं. पुढे एडिंबरात थॉमस फ्रेझर यांनी त्यातून स्ट्रोफॅन्थिन वेगळं काढलं आणि ते युरोपात हृदयाचं औषध म्हणून वापरलं गेलं. म्हणजे एकच वेल नाडी थांबवते आणि सावरतेही, फरक फक्त मात्रेचा. सोललेलं, चिरलेलं मूळ हातात आलं की ते कुठल्या वेलीचं हे कोण सांगणार? म्हणून मी थांब्यावरचं घेत नाही. माझ्या कुंपणावर जी वेल मीच वाढवली आहे, तिचंच मूळ ओळखते.

आता तुमच्या आवडीच्या गोष्टीकडे येते.

रोप शेजारच्या शेतातल्या आजीबाईंनी दिलं. त्या बीपासूनच करतात, आणि बी ताजं हवं यावर त्यांचा कटाक्ष असतो. शेंग उकलायच्या बेतात आली की ती झाडावरच कापडात बांधून ठेवतात, नाहीतर सगळं वाऱ्यावर जातं. बी जुनं झालं की उगवत नाही, त्यामुळे डबीत भरून पुढच्या वर्षाला ठेवायचा प्रश्नच नाही. वाफ्यात पालापाचोळ्याचं खत आणि वाळू मिसळायची, बी वर पसरायचं, अंगावर जेमतेम मातीचा पदर द्यायचा आणि वरून सावली करायची. ओल मोडता कामा नये. कांड्यांपासूनही रोपं होतात म्हणे, पण आजीबाईंना तो मार्ग पसंत नाही. कांडीचं रोप उशिरा मूळ धरतं आणि आपल्याला तर मूळच हवं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

जागा निवडताना मी जंगलाची कड डोळ्यांसमोर ठेवली. ही वेल दाट अंधारातही सुखी नसते आणि उघड्या माळावरही. पायथ्याशी सावली आणि ओल, शेंड्याला ऊन, असं तिला हवं असतं. इथे विषुववृत्त अगदी जवळ असलं तरी उंची दीड हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे उकाडा नाही, आणि मार्चपासूनचा मोठा पाऊस सुरू झाला की दुपारी ढग ठरल्यासारखे येतात. तेव्हाच लावली. खड्डा रुंद आणि खोल घेतला, कारण इथली तांबडी माती दाबून बसली की मूळ सरळ न जाता वेडंवाकडं होतं. भरपूर शेणखत घातलं आणि बांधासारखा उंचवटा केला. पाणी तिला खूप आवडतं, पण बुडाशी साचलेलं नाही.

आधार देताना तिचा जोर कमी लेखू नये. पहिल्या वर्षी ती गुपचूप असते, मग एकदम सुटते. बांबूच्या हलक्या मांडवाने भागत नाही. इथले लोक शेतातल्या जिवंत झाडावरच चढवतात आणि ते योग्य आहे, फक्त झाड तरणं असेल तर ती त्याला आवळते. मी कुंपणाचे जाड खांब दिले आणि मुख्य खोड मोकळं राहील असं सैल बांधलं. पावसाळा संपला की लांबलेले शेंडे छाटते. हात चिकट होतात, धुवायला हवेत, डोळ्याला लावायचे नाहीत; रुईच्या चिकाबद्दल आई लहानपणी ओरडायची तेच. छाटलेला पाला वाया जात नाही, तो आजीबाईंची गाय खाते. कोवळ्या पानांची भाजीही करतात. खोडाच्या सालीचे दोर निघतात. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो, कोवळ्या शेंड्यावरच्या अळ्या हाताने वेचते. खाण्याची वेल आहे, तेव्हा औषध मारायचं नाही हा माझा नियम.

खरी परीक्षा काढणीला असते. विकण्यासाठी जंगलात जे जातात ते वेल उपटतातच, कारण मूळ म्हणजेच माल. पान खुडलं तर वेल जगते, मूळ ओढलं की सगळं संपलं. काकामेगाचं जंगल म्हणजे मध्य आफ्रिकेतल्या वर्षावनाचा केनियात उरलेला एकमेव तुकडा, आणि त्याच्या कडेने मुकोंबेरो पूर्वी जशी दिसायची तशी आता दिसत नाही. म्हणून माझी पद्धत आजीबाईंकडून घेतलेली: मूळ भरायला दोनेक वर्षं जाऊ द्यायची, मग एका बाजूची माती हलक्या हाताने उकरायची, बाजूला गेलेली जाड मुळं पाहून थोडी कापायची, मधल्या मुळाला हात लावायचा नाही, खत घालून लगेच बुजवायचं. पुढच्या वेळी दुसरी बाजू. मूळ धुऊन साल काढून घ्यायची, कारण वास सालीतच असतो. कुदळ घालणाऱ्याला हे जमणार नाही, खुरपं हवं आणि घाई नको. व्यापाऱ्याला हे परवडत नाही हेही खरं, त्याला दोन वर्षं थांबायला कोण पैसे देणार?

तरी शेतात लावण्याची चाल इथे रुजते आहे. इसिपे ही कीटकशास्त्राची मोठी संस्था, थॉमस ओधियाम्बो यांनी 1970 मध्ये सुरू केलेली, तिने जंगलाकाठच्या लोकांना औषधी झाडं लावायला शिकवलं. मुलिरू नावाच्या शेतकरी गटाला तर 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यांचं मुख्य पीक कुठलं माहीत आहे, आई? कापूर तुळस! आपल्याकडे जिला कापूर तुळस म्हणतात ती मूळची इकडचीच. तिचं तेल काढून ते दुखण्यावर चोळायचा बाम करतात.

तर आणायचं का नाही, याचं कारण वेलीच्या हट्टापेक्षा कायद्याचं आहे. केनियातून असं जैविक धन बाहेर न्यायला 2006 च्या नियमांनुसार परवाना लागतो, वर केफिसचं, म्हणजे झाडांची तपासणी करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेचं, रोग नसल्याचं प्रमाणपत्र. आपल्या विमानतळावर 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना दाखवावा लागतो. लोक मोज्यात बी लपवून नेतात, मी नेणार नाही. एखादी कीड किंवा बुरशी माझ्या सामानातून तुमच्या बागेत उतरली तर? आणि इथल्या आजीबाईंनी शिकवलेलं धन असं चोरून नेणं मला तरी बरं वाटत नाही.

पण तुम्हाला त्या वासाची ओढ लागली असेल तर तो तुमच्याकडे आहेच. उपलसरी, म्हणजे आपलं अनंतमूळ. दोन्ही वेली एकाच कुळातल्या, आणि दोन्हींच्या मुळांत वास देणारं द्रव्यही तेच. व्हॅनिलिनमध्ये, म्हणजे व्हॅनिलाला वास देणाऱ्या द्रव्यात, कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जितके अणू असतात तितकेच त्यातही असतात, फक्त त्यांची बैठक वेगळी. मी पहिल्यांदा मुकोंबेरोची साल नखाने खरवडली तेव्हा आईच्या सरबताचीच आठवण झाली होती.

तेव्हा बाबा, पाऊस सुरू झाला की उपलसरी लावा. ती नाजूक, तारेसारखी वेल आहे, तुमच्या जुन्या मांडवावर सहज चढेल. कुंडीत लावणार असाल तर उथळ नको, खोल घ्या, आणि बुडाला भोकं भरपूर ठेवा. मूळ काढताना वर लिहिलेली एका बाजूची पद्धतच वापरा. आणि ती वासापुरतीच, गुडघ्यांसाठी नाही. लावल्यावर फोटो पाठवा, पानांवर मधोमध पांढरी रेघ आली का ते मला पाहायचंय, मगच ती उपलसरी म्हणून मानेन. रोपवाटिकेत भलतंच काही गळ्यात मारतात.

आई, व्यायामाचं खरं-खोटं तूच कळव.

तुमची,
लेक