मागे इंजिन असलेली गाडी उचलण्याच्या धोकादायक सूचना आणि सदोष जॅक-स्टँड संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ३ टनी ट्रॉली जॅक व स्टँड संचासोबतची मराठी पुस्तिका मागे घेणे आणि सदोष माल बदलून मिळणे

महोदय,

आम्ही नागपूर–हैदराबाद महामार्गावर जाम चौरस्त्याच्या परिसरात गॅरेज चालवतो. आपला संच आम्ही मिळून खरेदी केला. मागे इंजिन असलेल्या गाड्यांसाठीही तो योग्य असल्याचे खोक्यावर छापले होते, आणि ते आमच्या कामाचे होते. गावोगावी जुन्या नॅनो अजून फिरतात. महामार्गामुळे पोर्शे ९११ सारखी गाडीही कधीतरी दारात येऊन थांबते. या दोन्ही गाड्यांचे इंजिन मागे आहे आणि (९११ चे चारही चाकांना ओढ असलेले प्रकार सोडले तर) ओढही मागच्याच चाकांना आहे.

जॅकचे सील (आतले ऑइल अडवणारे रबर) आणि स्टँडचा खटका (दातांत अडकून स्टँडची उंची धरणारा भाग) यांत दोष आहेत, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. मात्र ते बदलून मिळाले तरी आमची तक्रार मिटणार नाही, कारण खरा धोका पुस्तिकेच्या सातव्या पानावर आहे. तिथे लिहिले आहे : "हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, इंजिनाखाली मधोमध जॅक लावून मागची बाजू उचला." चाकांना अटकण लावायचा उल्लेख पूर्ण पुस्तिकेत नाही. संचातही अटकणीचे ठोकळे दिलेले नाहीत.

साध्या मारुतीचे इंजिन पुढे असते आणि ओढही पुढच्या चाकांना असते. तिचा हँडब्रेक मागची चाके धरतो आणि गिअर पुढची. त्यामुळे कोणतीही बाजू उचलली तरी जमिनीवर राहिलेली चाके कशाने तरी धरलेली असतात. नॅनो किंवा ९११ मध्ये हँडब्रेकही मागच्या चाकांवर आणि गिअरही मागच्याच चाकांवर. मागची चाके जमिनीवरून सुटली की दोन्ही बंधने हवेत गेली. पुढची चाके मोकळी राहतात आणि जेमतेम उतार असला तरी गाडी जॅकवरून सरकते. पुस्तिकेतल्या पहिल्या दोन सूचना गाडी उचलताच निरुपयोगी होतात, आणि वाचणाऱ्याला मात्र आपण गाडी पक्की धरली आहे असे वाटते. दोन्ही पुढच्या चाकांना पुढून आणि मागून, असे चार ठोकळे लावल्याशिवाय या गाड्यांचा मागचा भाग उचलूच नये, हे पहिल्या ओळीत आणि ठळक अक्षरांत हवे.

आता इंजिनाखाली जॅक लावण्याबद्दल. ही सूचना का सुचली असेल ते आम्ही समजू शकतो. ९११ ला पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे, सिलखाली (दारांखालच्या पट्टीखाली) मजबूत जॅक पॉइंट आहेत. मागच्या पॉइंटला जॅक लावला की तिथेच स्टँड ठेवायला जागा उरत नाही, ही अडचण खरी आहे. गाडीचा सांगाडा ताठ असल्याने मागच्या पॉइंटवर उचलताना त्याच बाजूचे पुढचे चाकही लवकरच उचलले जाते, म्हणजे तिथली अटकण सैल होते. मधून उचलले तर दोन्ही पॉइंट मोकळे राहतात, हे बरोबर. १९९८ पर्यंतच्या, हवेने थंड होणाऱ्या ९११ मध्ये जाणकार मेकॅनिक क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) मधल्या जोडाखाली जाड लाकूड ठेवून उचलतातही. पण आपल्या चित्रातला बाण थेट ऑइल चेंबरच्या प्लेटवर आहे आणि लाकडाचा पत्ता नाही. चेंबरची प्लेट ऑइल धरण्यासाठी असते, गाडी पेलण्यासाठी नव्हे. प्लेट वाकते, गॅस्केट सुटते. शेजारच्या ऑइलच्या नळीला जॅकच्या सॅडलची (गाडीला टेकणाऱ्या वरच्या वाटीची) कड लागली तर खर्च आणखी वाढतो. नॅनोचे ६२४ सीसीचे इंजिन ॲल्युमिनियमचे आहे. त्याच्या चेंबरखाली लोखंडी सॅडल लावायला सांगणे म्हणजे चेंबर फोडायला सांगणे आहे.

यावर उपाय अवघड नाही, आणि तोच पुस्तिकेत यायला हवा होता. जॅक पॉइंटमध्ये बसणारा आणि स्टँडच्या डोक्यावरही टेकणारा पॅड संचात द्यावा, म्हणजे उचलणे आणि टेकवणे एकाच जागी होते. एक बाजू एकदम पूर्ण उचलू नये. आधी दोन्हीकडे स्टँड सर्वांत खालच्या दातावर, मग एका बाजूला दोन दात, मग दुसऱ्या बाजूला दोन दात, असे चढत जावे. एकच बाजू उंच गेली की समोरच्या स्टँडवर वजन तिरपे पडते आणि त्याचा पाय उचलतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करावेत. गाडी स्टँडवर टेकल्यावर, खाली शिरण्याआधी, बाजूने हाताने जोर लावून हलवून पाहावे. काढलेले चाक सिलखाली आडवे सारून ठेवावे. इंजिन-गिअरबॉक्स खाली उतरवायचा असेल तर आणखी सावध राहावे लागते, कारण ९११ ची पेट्रोलची टाकी पुढे आहे. मागचे वजन निघाले की तोल पुढे जातो आणि मागच्या स्टँडवरचा भार अचानक हलका होतो. याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही.

जमिनीबद्दल पुस्तिका फक्त "समतल जागा" म्हणते. आमच्याकडे आवारात काळ्या मातीवर मुरूम टाकलेला असतो. पावसाळ्यात स्टँडचा पाय त्यात बसत जातो, आणि मे महिन्यात डांबरही मऊ होते. जॅक चढताना त्याचे सॅडल सरळ वर न जाता कमानीत जाते, म्हणून जॅकची चाके थोडी सरकावीच लागतात. मुरुमात ती रुततात आणि सॅडल पॉइंटवरून निसटते. सिमेंटची फरशी नसेल तर स्टँडखाली आणि जॅकखाली किमान ६ मि.मी. जाडीची लोखंडी प्लेट घालावी, एवढे एक वाक्य विदर्भातल्या गिऱ्हाइकासाठी हवेच.

आता मालातले दोष.

जॅकची किमान उंची खोक्यावर ८.५ सें.मी. छापली आहे. मोजल्यावर ती १३.५ भरते. एवढ्या उंचीचा जॅक स्पोर्ट्स कारच्या सिलखाली शिरत नाही. गाडी आधी फळ्यांवर चढवावी लागते. शिवाय भाराखाली अर्ध्या तासात सॅडल सुमारे २ सें.मी. खाली बसते. ऑइल पातळीवर आहे आणि सोडायचा स्क्रू घट्ट आहे, तेव्हा दोष सीलचा किंवा व्हॉल्व्हचा आहे.

एका स्टँडचे दाते कापल्यावर वरून जाड रंग फवारला आहे. त्यामुळे खटका दाताच्या मुळाशी न जाता कडेवरच थांबतो. भार घेऊन काढल्यावर खटक्याच्या टोकावर घासल्याची चकचकीत रेघ दिसते, ती जेमतेम ३ मि.मी. रुंद आहे. शेजारच्या स्टँडवर तीच रेघ दाताच्या पूर्ण रुंदीची आहे. अडकवायची जादा पिनही दिलेली नाही. असा स्टँड माणसाच्या डोक्यावर राहणार आहे, हे कारखान्यात तपासणाऱ्याच्या लक्षात यायला हवे होते.

"३ टन" हे स्टिकर प्रत्येक स्टँडवर आहे, पण ही क्षमता जोडीची असल्याचे इंग्रजीत बारीक अक्षरांत आहे. इथे हेच स्टँड उद्या भरलेल्या पिकअपखाली जातील, तेही एकेकटे. स्टिकरवर मराठीत "दोन्ही मिळून" असे लिहा.

आमच्या मागण्या : जॅक आणि दोन्ही स्टँड बदलून द्यावेत किंवा पूर्ण रक्कम परत करावी. सातवे पान असलेल्या सर्व पुस्तिका विक्रेत्यांकडून परत मागवाव्यात. ज्यांनी संच नेले आहेत त्यांना दुरुस्त सूचनांचा मराठी कागद आणि चार रबरी ठोकळे विनामूल्य पाठवावेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणे हीसुद्धा उत्पादकाची जबाबदारी ठरते. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि वर्धा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवू. तोपर्यंत सदोष स्टँड वापरातून काढून वेगळा ठेवला आहे. आपल्या प्रतिनिधीने येऊन तो पाहावा.

आपले ग्राहक,
गॅरेजचालक व मेकॅनिक,
जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

सोबत : बिलाची प्रत, पुस्तिकेच्या सातव्या पानाची प्रत, दोन्ही खटक्यांचे व उंची मोजतानाचे फोटो