नाग्या, इथे अजून माग चालू आहेत

चांदीदासा, बाली
रविवार, रात्री

प्रिय नाग्या,

फोटो टाकून गप्प बसणार होतो, पण हे फोटोत मावणारं नाही. बालीत येऊन सगळे करतात तेच मी पण केलं तीन दिवस, बीच, मसाज, झोपाळ्यावर बसून रील, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी स्कूटर घेऊन जवळच्या तेंगानान गावात गेलो आणि तुझ्या बाबांची आठवण आली. का ते सांगतो, आधी गाव तर ऐक.

डोंगरांच्या मधे लांबट गाव, आत दगडी रस्ता पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत जातो, मधोमध सभेचा लांबच लांब मंडप, म्हशी मोकाट. हे लोक बाली आगा, म्हणजे जावाच्या मजापहित राज्याचा प्रभाव यायच्या आधीपासूनचे बालीकर. हिंदूच, पण बाकीच्या बालीत प्रेत जाळतात आणि हे पुरतात. आणि मोठा देव कोण, तर इंद्र! आपल्याकडे इंद्राचं देऊळ पाहिलंयस का तू कधी? आपल्याकडे तो बिचारा सिंहासन डळमळायला आणि गोवर्धनापाशी फजिती करून घ्यायला. इथे जूनच्या आसपासच्या उत्सवात त्याच्यासाठी पोरं उघड्या अंगाने लढतात, हातात काटेरी केतकीच्या पानांची जुडी आणि वेताची ढाल. पाठी रक्ताळतात, जिंकलं-हरलं काही नाही, नंतर हसत हसत एकमेकांच्या पाठीला हळदीचा लेप लावतात. सोबत लोखंडी पट्ट्यांचं सलोंदिंग नावाचं वाद्य वाजतं, ते पवित्र मानतात.

गावाला एवढी जमीन कशी मिळाली त्याची गोष्ट तर भारी आहे. राजाचा घोडा हरवला, या लोकांना तो मेलेला सापडला, राजा म्हणाला मढ्याचा वास येतो तिथवरची जमीन तुमची. अधिकारी वास घेत चालतोय, चालतोय, वास काही संपेना, संपणार कसा, गावच्या पाटलाने कुजक्या मांसाचा तुकडा स्वतःच्या कपड्यात लपवला होता! देवाधर्माच्या गावाची सुरुवात अशी, मला तर फार आवडलं. त्याच जमिनीवरचं झाड मात्र आज मनाला येईल तसं तोडता येत नाही, डुरियनसुद्धा तोडायचं नाही, आपोआप पडेल तेव्हा उचलायचं.

आता बाबा. एका ओसरीवर एक बाई कमरेला पट्टा बांधून माग ताणून बसली होती, गेरिंगसिंग नावाचं कापड विणत होती. ताणा आणि बाणा दोन्ही विणायच्या आधीच गाठी मारून रंगवलेले, म्हणजे आपल्या गुजरातेतल्या पाटणच्या पटोळा साडीसारखं. इंडोनेशियात असं दुहेरी काम याच गावात होतं म्हणे, आणि गुजरातचे पटोळे पूर्वी जहाजातून इकडे यायचेच. सूत आधी एका बियांच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात 42 दिवस मुरवतात, इथला 35 दिवसांचा महिना अधिक सात. मग लाल रंग बारतोंडीच्या मुळांचा, तो थरावर थर चढवत नेतात, त्यामुळे एका कापडाला कधीकधी पाच-पाच वर्षं लागतात. गेरिंग म्हणजे आजार, सिंग म्हणजे नाही, थोडक्यात आजार दूर ठेवणारं कापड. इथे दात कानशीने घासून सपाट करायचा एक विधी असतो, त्यात उशीवर टाकायला बाकीच्या बालीतले लोकसुद्धा हे कापड वापरतात.

मी किंमत विचारली आणि गप्प बसलो. मग एक बोटभर आडवा धागा नक्षीवरून सरकला, ती थांबली, टोकदार काडीने हळूच ओढून खूण जुळवली, पुढे गेली, काही घाई नाही. तुझे बाबा सोलापूरच्या त्या अंधाऱ्या खोलीत अगदी असेच थांबायचे, आठवतंय? आपण क्रिकेटला चल म्हणून ओरडायचो आणि ते मान पण वर करायचे नाहीत. माग विकला त्या दिवशी ते जेवले नव्हते, हे तू मला कितीतरी वर्षांनी सांगितलंस.

त्या बाईच्या हाताचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, चार मिनिटांचा. फोनवर नको, मोठ्या टीव्हीवर लाव त्यांना, आणि ते काय म्हणतात ते मला लगेच कळव.

तुझा,
बंड्या