एडिसनमधलं ग्रहण आणि बुंदीचा झारा

एडिसन, न्यू जर्सी
८ एप्रिल २०२४

ती. आई-बाबांस, सा. न.

फोनवर सगळं अर्धवटच राहिलं म्हणून लिहायला बसले. शुक्रवारी सकाळी ४.८ चा भूकंप, मांडणीवरचे डबे खडखडले, आणि आज सोमवारी सूर्यग्रहण, शेजारच्या काकू म्हणतात आता तिसरं काय राहिलंय!

इथे खग्रास नव्हतं, सूर्य जेमतेम ९० टक्के झाकला. दोन-दहाच्या सुमारास सुरू झालं आणि ३:२५ ला सगळ्यात जास्त. मला वाटलेलं ९० टक्के म्हणजे अंधारच पडणार, कसलं काय, उरलेली कोरसुद्धा भरपूर पुरते. पण उजेड विचित्र झाला हो, ऊन दिसतंय पण लागत नाही, संध्याकाळसारखं पिवळंही नाही, नुसतं विटलेलं. शेवटी स्वेटर आणायला आत पळाले.

लायब्ररीतून फुकटचे चष्मे दोनच मिळाले आणि आम्ही तिघं, म्हणून आई, तू दिलेला बुंदीचा झारा घेऊन पार्किंगमध्ये गेले. खाली धरला तर नुसती गोल भोकंच पडतात, डोक्याच्या वर धरला तेव्हा कागदावर चंद्रकोरीच चंद्रकोरी, एकमेकींवर चढलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या! बिल्डिंगमधल्या पोरांनी चष्मे सोडून झाऱ्यासाठी रांग लावली.

बाबा, १९९५ चं दिवाळीतलं आठवतं? तुम्ही गच्चीवर एक्स-रेची फिल्म धरून दाखवलंत आणि खाली आजी हंडे-कळशा ओतून टाकत होती. ती फिल्म डोळ्यांना चालत नाही, अजून कपाटात असेल तर टाकून द्या.

ह्यांचे मित्र खग्रास बघायला पाच तास गाडी हाणत रॉचेस्टरला गेले, तिथे आभाळ गच्च. अंधार झाला म्हणे, सूर्य काही दिसला नाही. मला आपलं वाईट वाटल्यासारखं करावं लागलं.

आणि आई, तुमच्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजत आलेला, दिसणार नाही म्हणून तुम्हाला पाळायचं नाही आणि मला मात्र पाळायचं, हा कुठला न्याय? तरी उद्याच्या पुरणाच्या डाळीत तुळशीचं पान टाकलंय, तुझ्यासाठी. ह्यांनी बरोब्बर ३:२५ ला चिवडा खाल्ला.

गुढी डेकवरच उभारू, वारा नसला तर. २ ऑगस्ट २०२७ ला तुमच्याकडे दुपारनंतर खंडग्रास आहे, भर पावसाळ्यात, पण तुझा दुसरा झारा काढून ठेव.

तुमची,
ताई