विषय : ‘सर्व भाग मूळचे’ म्हणून विकलेल्या जुन्या बास गिटारचा पिकअप बदललेला निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी,
जुनी वाद्ये विक्री विभाग

महोदय,

आपल्याकडून मी ६८,००० रुपयांना फेंडर या अमेरिकी कंपनीचा, जपानी बनावटीचा प्रिसिजन बास (बास गिटारचे एक मॉडेल) घेतला. ऑर्डर क्रमांक व बिल सोबत जोडले आहे. फोनवर आपल्या प्रतिनिधीने दिलेले उत्तर मला मान्य नाही, म्हणून लेखी तक्रार करत आहे.

जाहिरातीत लिहिले होते : बास १९८३ चा, वायरिंग कारखान्यातली, पिकअप (तारांचे कंपन पकडून विजेच्या संकेतात बदलणारा भाग) मूळचा आणि अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट मिश्रधातू) चुंबकांचा. फेंडरने १९८२ मध्ये जपानमध्ये, फुजिगेनच्या कारखान्यात गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. त्या पहिल्या वर्षांच्या मालाला आज भाव येतो तो याच ‘मूळचा’ शब्दामुळे, आणि मीही त्याचेच पैसे मोजले. लाकूड आणि नेक (गिटारची मान) याबद्दल माझी काही तक्रार नाही. नेक तर इतका सरळ आहे की असा नवीन बासमध्येही सहज मिळत नाही.

मी झाडीपट्टीतल्या नाटकांना साथ करतो. वडसा आणि आसपासच्या गावांत दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की रात्र-रात्र नाटके चालतात. बाजूला जनरेटर, वर डिमरवरचे दिवे आणि आम्ही वादक रंगमंचाच्या पायथ्याशी. नायिकेच्या शोकाच्या प्रसंगात ऑर्गन, ऑक्टोपॅड, तबला सगळे थांबतात, आणि तेव्हा माझ्या अँपमधून पिठाची गिरणी चालू असल्यासारखी घरघर ऐकू येते. प्रेक्षक मागे वळून बघतात. वायर बदलली, अँप बदलला, फरक नाही. तारांना हात लावला तरी आवाज तेवढाच. त्याच मंडपात, त्याच अँपवर दुसऱ्या मंडळातल्या मित्राचा जॅझ बास (फेंडरचेच दुसरे मॉडेल) लावला तर शांत.

यावर आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे : “जुन्या पिकअपला हमिंग असतेच, व्हिंटेजची मजाच ती.” मी १९५१ चा पहिला प्रिसिजन घेतला असता, किंवा त्याच धर्तीवर १९६८ मध्ये काढलेला टेलिकास्टर बास, तर हे ऐकून गप्प बसलो असतो. त्यांच्यात एकच कॉइल (तारेचे वेटोळे) असते आणि ती विजेची घरघर पकडणारच. पण १९५७ मध्ये प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला. एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. दोन्ही कॉइल एकापुढे एक अशा जोडलेल्या असतात, पण उलट अंगाने, त्यामुळे बाहेरून आलेली घरघर दोन्हींत विरुद्ध येऊन एकमेकीला मारते. तार मात्र एकाच तुकड्यावरून जाते, म्हणून तिचा आवाज शाबूत राहतो. आपण विकलेला बास याच पद्धतीचा आहे. म्हणजे हमिंग घालवण्यासाठीच तयार झालेल्या पिकअपचे हमिंग आपण मला मजा म्हणून विकत आहात.

मित्राच्या जॅझ बासचे गणित वेगळे आहे. १९६० मध्ये आलेल्या त्या रचनेत दोन स्वतंत्र एकेरी पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले तर शांतता, एक खाली आणला की घरघर परत. म्हणून तो ती बटणे हलवतच नाही. गिब्सनचा साठच्या दशकातला ईबी-झिरो घेतला असता तर हमिंगचा प्रश्नच नव्हता, कारण नेकजवळच मोठा हमबकर, म्हणजे घरघर मारणारा दुहेरी कॉइलचा पिकअप. पण त्याचा ३०.५ इंची स्केल (तारेची कंप पावणारी लांबी) आणि तो गुळगुळीत खर्ज डग्ग्याखाली बुडून जातो, निदान माझ्या कानाला तरी. प्रिसिजनचा ३४ इंची स्केल आणि मधल्या पट्टीतला ठोस आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. मी विचार करून घेतला होता.

आता दोष काय ते सांगतो. वडशातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या कारागिरासमोर पिकगार्ड (पिकअपभोवतीची वरची पट्टी) उघडले. जाड तारांखालच्या तुकड्यात चार अल्निकोच्या कांड्या आहेत, म्हणजे तारांखालचे खांब हेच चुंबक. बारीक तारांखालच्या तुकड्यात मात्र साधे लोखंडी खांब असून खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवली आहे. त्याच्या टोकांवरचे सोल्डर ताजे, चकचकीत आहे. मल्टिमीटरवर पहिला तुकडा ५.४ किलो-ओहम दाखवतो, दुसरा ३.७. चांगल्या जोडीत दोन्ही जवळपास सारखे असून बेरीज दहा-अकराच्या घरात जाते. त्यावर दुसऱ्या तुकड्याच्या वायरी उलट जोडलेल्या, त्यामुळे दोन्हींची घरघर एकमेकीत मिसळून वाढत होती. कारागिराने त्या दोन वायरींची अदलाबदल केली तेव्हा ती बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही, कारण असमान कॉइल एकमेकीला पूर्ण मारू शकत नाहीत. शिवाय बारीक दोन तारांचा आवाज जाड तारांपेक्षा वेगळा आणि पातळ येतो तो येतोच.

थोडक्यात, अर्धा पिकअप कोणीतरी बदलला, तोही चुकीचा जोडला, आणि आपण तो न उघडता ‘मूळचा’ लिहून विकला. आपल्याकडे येण्याआधी बदलला असेल, पण जाहिरात आपली आहे.

माझी मागणी अशी : त्या काळातला, एकाच जोडीचा अल्निको पिकअप आपल्या खर्चाने पाठवावा आणि बसवण्याची मजुरी द्यावी. तसा मिळत नसेल तर मूळ पिकअप नसलेल्या बासची जी किंमत आपण लावता ती धरून फरक परत करावा. दोन्ही मान्य नसेल तर बास परत घ्यावा, येण्याजाण्याच्या कुरिअर खर्चासह. मला पहिला मार्ग पसंत आहे, कारण नेक सोडवत नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी माझ्याच जिल्ह्यात, गडचिरोलीच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. त्यासाठी मला मुंबईला यावे लागत नाही, हे लक्षात असू द्यावे.

दोन्ही तुकड्यांचे खालून काढलेले फोटो, मल्टिमीटरचे आकडे आणि आपल्या जाहिरातीची प्रत जोडली आहे. पार्सल पाठवाल तर वडशाच्या पत्त्यावर पाठवा, कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही. आणि फोन दुपारनंतर करावा, हंगामात सकाळी आम्ही झोपलेले असतो.

आपला ग्राहक,
(नाव व पत्ता ऑर्डरप्रमाणे)
ता. देसाईगंज, जि. गडचिरोली