चर्चमध्ये जाऊन मी काय करते

लाइपझिग,
27 डिसेंबर

ती. आजी, आई आणि बाबा यांना
साष्टांग नमस्कार.

वि. वि. परवा फोनवर आजीने विचारलं, "तू त्या चर्चमध्ये जाऊन करतेस तरी काय?" मी म्हटलं, "गाते." त्यावर आजी जे "बरं" म्हणाली, ते अजून माझ्या कानात आहे. फोनवर हे समजावून सांगता येत नाही, मध्येच आवाज तुटतो, म्हणून पत्र लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

जर्मन सुधारावं म्हणून सप्टेंबरात मी इथल्या चर्चच्या गायकवृंदात नाव घातलं. धर्म कोणी विचारला नाही. आवाज वरचा की खालचा, एवढंच विचारलं. माझा खालचा, म्हणजे आल्ट. आम्ही 28 जण आहोत. त्यातल्या निम्म्यांना "देव मानता का?" विचारलं तर खांदे उडवतील, पण बुधवारची तालीम चुकवणार नाहीत. शिकवणाऱ्याला कांटोर म्हणतात. याच गावात 1723 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1750 पर्यंत, थोर संगीतकार बाख थोमासकिर्श या चर्चचा कांटोर होता. त्यामुळे गावातल्या बाकीच्या सगळ्या कांटोरांच्या डोक्यावर त्याचं ओझं आहे. आमचे कांटोर तर चुकलो की छताकडे बघतात, जणू वरून कोणी ऐकतंय.

बाबा, तुमच्यासाठी एक गंमत. बाखचं नाताळचं मोठं संगीत आहे, सहा भागांचं. 1734 च्या नाताळपासून 1735 च्या 6 जानेवारीपर्यंत वेगवेगळ्या दिवशी ते इथल्या दोन मुख्य चर्चमध्ये पहिल्यांदा झालं. सुरुवातीलाच नगारे वाजतात. ही चाल मुळात येशूसाठी नव्हतीच! आदल्या वर्षी इथल्या राणीच्या वाढदिवसासाठी बांधलेली चाल बाखने शब्द बदलून इथे वापरली. नाटकातल्या पदाच्या चालीवर अभंग म्हटला की तुम्ही नाक मुरडता ना, तेव्हा हे आठवा. आमच्या वृंदाला अख्खं काही झेपत नाही. आम्ही त्यातली दोन साधी स्तोत्रं गायलो, आणि त्यातही पुरुष मंडळी अर्धी मात्रा मागे.

हा मंडळी शब्द मला इथे फार आठवतो. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चच्या समुदायाला मंडळीच म्हणतात. इथे गेमाइंडे म्हणतात, पण मला आपलाच शब्द आवडतो. आजोबा तर आजीचा उल्लेखही "आमची मंडळी" असाच करायचे.

तर या मंडळीचा नाताळ 25 तारखेला सुरू होत नाही. त्याआधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. वेदीवर जांभळं वस्त्र चढतं. पूर्वी हा उपासाचा काळ होता, लोण्यालासुद्धा बंदी. आता उपास कोणी करत नाही, उलट घरोघरी लोण्याने थबथबलेला श्टोलेन कापला जातो. हा सुक्या मेव्याचा लांबट पाव, वरून पिठीसाखरेने पांढरा केलेला. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा दिसावा म्हणून तसा करतात असं सांगतात. आजी, उपासाच्या नावाखाली जास्त खाणं सगळीकडे सारखंच गं.

दर रविवारी हिरव्या फांद्यांच्या चक्रावर एकेक मेणबत्ती वाढत जाते. ही पद्धत मला फार जुनी वाटली होती. पण ती 1839 मधली निघाली. हांबुर्गला व्हिखर्न नावाचा पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचा. "नाताळ कधी? नाताळ कधी?" म्हणून मुलं त्याचं डोकं खायची. त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोजची एक लहान लाल, रविवारची एक मोठी पांढरी. आता मोजा आणि मला विचारू नका! पुढे लहान गेल्या, चार मोठ्या उरल्या. पोरांच्या कटकटीतून निघालेला विधी आहे, म्हणून माझा लाडका.

चर्चच्या दारावर कागदी चांदणी लावतात, तीही शाळेतूनच आलेली. हेर्नहूट या ख्रिस्ती पंथाच्या वसतिशाळेत भूमितीच्या तासाला ती पहिल्यांदा केली गेली. 25 टोकं असतात, 17 चौकोनी बुडाची आणि 8 त्रिकोणी. ती जोडायला मला आणि तीन मुलांना बसवलं होतं. दोन तासांनी चांदणी तयार झाली आणि एक त्रिकोणी टोक हातात उरलं. परत सगळी सोडली.

आता 24 तारीख. खरा नाताळ इथे त्याच संध्याकाळी असतो. बर्फ बिर्फ काही नव्हतं, दिवसभर चिरचिर पाऊस. एरवीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये 40-45 डोकी असतात, पण त्या दिवशी दुपारी तीनलाच बाकं भरून लोक भिंतीला टेकून उभे. वर्षभर न फिरकणारे सगळे येतात. मंडळीतली जुनी माणसं याबद्दल कुरकुरतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी आदल्या रात्री तळघरातून 80 खुर्च्या वर आणून ठेवल्या होत्या. जे वर्षातून एकदा येणार, त्यांना बसायला जागा हवी म्हणून. त्या खुर्च्या वाहणाऱ्यांत मीही होते. माझी कंबर अजून सांगतेय.

तीनच्या उपासनेत मुलांचं गव्हाणीचं नाटक असतं. मारिया, योसेफ, मेंढपाळ, देवदूत, आणि ज्यांना संवाद पाठ होत नाहीत ती सगळी मेंढरं. मला प्रॉम्पटरचं काम दिलं होतं, कारण मी सगळ्यांत बारीक आणि वेदीच्या मागच्या फटीत मावत होते. बादशहाचा फर्मान वाचणारी मुलगी मध्येच थांबली. शिरगणती झाली तेव्हा सिरियाचा सुभेदार क्विरिनियुस होता, असं ते वाक्य. तिला तो क्विरिनियुस काही आठवेना. मी हळूच नाव सांगितलं. तिने "काय?" केलं. मी पुन्हा सांगितलं. तिच्या कॉलरला माइक लावलेला आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही! माझ्या मराठी वळणाचा क्विरिनियुस अख्ख्या चर्चमध्ये घुमला, आणि पहिल्या बाकावरच्या आजोबांनी वर बघितलं, आकाशवाणी झाल्यासारखं. पास्टरबाई हसू दाबायला टेबलावरची फुलं नीट करायला लागल्या. हो आजी, इथे पास्टर बाई आहे. काळा झगा, पांढरी कॉलर, घरी दोन मुलं.

संध्याकाळी सहाची उपासना मोठ्यांची. पास्टरबाईंनी लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचला. प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या लूथरने 1522 मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला, तीच भाषा थोडीफार डागडुजी करून आजही चालते. पास्टरबाईंनी पहिलं वाक्य सुरू केलं आणि मी वरच्या गॅलरीतून खाली पाहिलं तर लोकांचे ओठ हलत होते. वर्षभर न येणाऱ्यांचेसुद्धा. लहानपणी कानावर पडलेलं ते, जात नाही.

माझ्या शेजारी उभी राहणारी आल्टमधली बाई सत्तरीची आहे. इथे कम्युनिस्ट राज्य होतं तेव्हा ती वाढली. सरकारी पद्धतीचा दीक्षाविधी नाकारून तिने चर्चमधला विधी केला, म्हणून तिला पुढच्या शाळेत प्रवेश मिळाला नाही. डॉक्टर व्हायचं होतं, परिचारिका झाली. हे तिने मला खुर्च्या पुसताना सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. 1982 पासून इथल्या निकोलाईकिर्शमध्ये दर सोमवारी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना व्हायची. 9 ऑक्टोबर 1989 ला त्या प्रार्थनेनंतर सुमारे 70,000 लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि गोळी सुटली नाही. त्यांत ही होती, हातात मेणबत्ती घेऊन. मेणबत्ती धरली की दुसरा हात ज्योत झाकायला लागतो, दगड उचलायला उरत नाही, असं तेव्हा म्हणायचे म्हणे. उपासनेच्या शेवटी दिवे मालवतात आणि सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या असतात. तिने माझा डावा हात धरून ज्योतीभोवती नीट वळवून दिला.

मग सगळे उभे राहून जे गाणं म्हणतात त्याबद्दल लिहिलंच पाहिजे. शब्द अगदी साधे, आनंदाचे. लिहिणारा फाल्क हा वायमारचा. 1813 च्या साथीत त्याची चार मुलं गेली. त्यानंतर त्याने युद्धात अनाथ झालेल्या पोरांना घरात घेतलं आणि त्या पोरांसाठी हे गाणं केलं. हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं की नसतं, कोण जाणे. तिसऱ्या कडव्याला घंटा वाजायला लागल्या, ऑर्गन पूर्ण उघडला, आणि मला पुढच्या ओळी दिसेनात. कांटोरांनी छताकडे पाहिलं नाही, एवढं खरं.

रात्री सभागृहात ज्यांचं घरी कोणी नाही त्यांच्यासाठी जेवण होतं. बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. इथे या रात्री अनेक घरांत हेच साधं जेवण असतं. 31 माणसं आली, मी वाढपी. पंगतीत आग्रह करायची सवय, त्यामुळे एका काकांना तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा ते घाबरले. इथे नको म्हणजे नकोच असतं.

आता आजीच्या "बरं"कडे येते. 25 तारखेला सकाळी वेदीवर पांढरं वस्त्र होतं आणि बाकांवर मोजून 38 लोक. त्या दिवशी प्रभुभोजन असतं. बाप्तिस्मा झालेले लोक अर्धवर्तुळात उभे राहतात, भाकर आणि द्राक्षारस घेतात. लूथरच्या आधी सामान्य लोकांना प्याला मिळत नसे, नुसती भाकर. दोन्ही सगळ्यांना, यासाठी त्या काळी भांडणं झाली. मी घेत नाही. आधी मी बाकावरच बसून राहायचे, पण सगळे उठले की एकटीच बसलेली जास्त उठून दिसते. पास्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हात छातीवर दुमडून उभी राहा. तशी उभी राहिले. भाकरीची ताटली माझ्यापुढून गेली, मागाहून त्यांनी डोक्यावर हात ठेवून दोन शब्द पुटपुटले. आजी, खरं सांगू? तू परीक्षेला जाताना ठेवायचीस तसाच हात होता, फक्त थंडगार. त्यापलीकडे काही झालेलं नाही. आणि काही झालं तर आधी तुला सांगेन, हेही लिहून ठेवते.

बाहेर पडताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाठलं. भारत म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, "ट्रांकेबार!" याच सॅक्सनी प्रांतातल्या पुल्सनिट्झचा त्सीगेनबाल्ग नावाचा लूथरन मिशनरी 1706 मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला, म्हणजेच ट्रांकेबारला, उतरला होता, तमिळ शिकला, नवा करार तमिळमध्ये नेला. काकांनी माझ्याशी चार तमिळ शब्द बोलून पाहिले. मला एकही कळला नाही. दोघेही ओशाळलो.

बाबा, तुमचा प्रश्न ठरलेला: याचा खर्च कोण करतं? सभासदांच्या आयकरावर इथे 9 टक्के चर्चकर असतो, म्हणजे उत्पन्नावर नाही, करावर कर. तो सरकारच वसूल करून चर्चला देतं. मी सभासद नाही, मला लागत नाही. पण 24 तारखेच्या झोळीतले पैसे मंडळी स्वतःकडे ठेवत नाही. ते 1959 मध्ये सुरू झालेल्या 'ब्रोट फ्युअर दी व्हेल्ट', म्हणजे जगासाठी भाकर, या मदतनिधीला जातात. झोळी मोजायला चार जण बसले होते, नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, आणि कोणीतरी टाकलेलं एक कोटाचं बटण.

आता झाड उतरवायचं आहे, खुर्च्या परत तळघरात न्यायच्या आहेत. यादी फळ्यावर लागलीय. माझं नाव मी लिहिलं नव्हतं, कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय, स्पेलिंग चुकीचं. दुरुस्त करून आले.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते नीट कळवा, "ठीक आहे" लिहू नका.

तुमची
धाकटी

ता. क. आजी, इथल्या आल्टवाल्या बाईंनी तुझ्यासाठी लोकरीचे हातमोजे विणलेत. तिथे थंडी नसते असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हातारीचे हात सगळीकडेच गार असतात. जानेवारीत पाठवते.