पैसा नव्हे, मैदान हवे

इंग्लंडचे तरुण फुटबॉलपटू पैशासाठी परदेशी क्लब गाठतात, हे आपल्या क्रीडापानावरील लेखातले मत पटले नाही. पैसा तर इंग्लंडच्याच प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक आहे. या मुलांना हवे असते ते प्रत्यक्ष सामन्यात खेळायला. जेडन सँचो २०१७ मध्ये सतराव्या वर्षी मँचेस्टर सिटी हा इंग्लिश क्लब सोडून जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबकडे गेला, तेव्हा सिटीच्या मुख्य संघातून तो एकही अधिकृत सामना खेळला नव्हता. डॉर्टमुंडने त्याला थेट मानाची सात क्रमांकाची जर्सी दिली! ज्यूड बेलिंगहॅम २०२० मध्ये तिथेच गेला, तोही सतरा वर्षांचाच. त्याच्यासाठी आई जर्मनीत राहिली, वडील धाकट्या मुलासह बर्मिंगहॅमला. घर असे दोन देशांत विभागणाऱ्या कुटुंबाला पैशाच्या मागे लागलेले म्हणणे अन्यायाचे आहे.

लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, युरोपीय संघातल्या १६ ते १८ वयाच्या खेळाडूंना संघातल्याच दुसऱ्या देशातील क्लबकडे जाण्यासाठी मिळणारी फिफाची (फुटबॉलच्या जागतिक संघटनेची) सवलत इंग्लिश मुलांना राहिलेली नाही. सँचो, बेलिंगहॅम ज्या वाटेने गेले ती वाट आज सतरा वर्षांच्या मुलाला जवळपास बंद आहे. चर्चा व्हायला हवी ती याची.

– एक वाचक, कोल्हापूर